येतो म्हणावं

प्रिय चिऊ,

काल झोपताना तू विचारलंस, "आजीच्या घरी आलेली माणसं काहीच न बोलता उठून का जायची? मी 'जाते' म्हटलं तरी तू रागावतोस!" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज रात्रपाळी आहे, तू शाळेला जाशील तेव्हा मी झोपलेला असेन. म्हणून हे फ्रिजवर लावून ठेवतोय. अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. निघालेला माणूस परत येणार, हे त्यातच आलं. पण कुणी वारलं असेल तर भेटायला आलेली माणसं 'येतो' म्हणत नाहीत, घरचेही 'या' म्हणत नाहीत. असल्या कारणासाठी पुन्हा कुणी कशाला यायचं? घटकाभर बसायचं आणि मुकाट्यानं उठायचं. एरवी चहा घेतल्याशिवाय सुटका नसते, पण तेव्हा तोही नाही.

आता दुसरी गोष्ट. ती तू विचारलेली नाहीस.

२०११ साली मी साताऱ्याहून निघालो तेव्हा आबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, म्हणालो होतो, "दोन वर्षांत येतो." माझ्या शिक्षणासाठी त्यांनी उसाचं एक एकर गहाण टाकलं होतं. पैसे मी फेडले, पण गेलो नाही. आधी नोकरी, मग व्हिसा, मग नुसतीच टाळाटाळ. शेवटी आबा फोनवर म्हणाले, "येतो म्हणून गेलास ना? आता येऊ नकोस." मीही हट्टाला पेटलो. ते रानात गेले की आजी तुला व्हिडिओ कॉल करायची, तो त्यामुळेच चोरून.

आजी गेल्यावर आपण तिथं पोचलो, तरी आम्ही बोललो नाही. एका ओसरीत बसायचो, दोघं दोन खांबांना टेकून. दहाव्याला माहुलीच्या घाटावर, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेलो. तू तेव्हा काकांबरोबर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी बघत होतीस. न्हाव्यानं माझं डोकं भादरलं. वर कडक ऊन. आबांनी स्वतःची टोपी काढून माझ्यापुढं धरली. "घाल. ऊन लागंल." एवढंच. टोपी मला घट्ट होत होती, आतून खोबरेल तेलाचा वास येत होता. तीच आपल्या कपाटात आहे. धुऊ नका.

तेराव्यानंतर निघालो तेव्हा मी गाडीत सामान ठेवलं आणि रीत पाळून गप्प उभा राहिलो. आबा फाटकाला हात लावून म्हणाले, "तेरावा झाला की रं. आता म्हणायला हरकत न्हाई."

मला आवाजच फुटेना. तेवढ्यात तू मागच्या सीटवरून ओरडलीस, "आजोबा, येतो!"

मराठी शाळेतल्या ताईंनी यावर लाल खूण केली असती. मुलगी 'येते' म्हणते. पण आजी कोल्हापूरकडची. तिकडं बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात, आणि फोन ठेवताना ती तुला रोज तेच म्हणायची. आबांनी तुला सुधारलं नाही. खिडकीशी आले, तुझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आणखी एकदा म्हण."

मग मीही म्हणालो. तिकिटं वर्षश्राद्धाच्या आधीची काढली आहेत.

तुझा,
बाबा