सरावात पकडी बसतात, सामन्यात एका चुकीने कोसळते. मन कणखर कसं करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळतेस, सरावात छान खेळतेस, पण सामन्यात एक पकड सुटली की पुढचा सगळा डाव बिघडतो. मैत्रिणी म्हणतात ‘आत्मविश्वास दाखव’, आणि तुला ते नाटक वाटतं. मी तुझ्याहून तीसेक वर्षांनी मोठी, म्हणून अगंतुगं करते. मी वडोदऱ्याची. खो-खो खेळले, आता दांडिया बाजाराजवळ संध्याकाळी मुलींना शिकवते.

तुला नाटक वाटतं ते बरोबरच आहे. मांडीवर थाप मारून, आरडाओरडा करून आणलेलं उसनं अवसान पहिल्या चुकीलाच उतरतं.

मी सोळाची असताना शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आक्रमण करत होते आणि घाईत फाऊल केला. खो-खोत फाऊल झाला की आक्रमकाला उलट्या दिशेने जावं लागतं, तेवढ्यात पळणारी मुलगी निसटते. गेले ते तीन-चार सेकंदच. पण मी खो देऊन पाटीवर बसले तरी मनाने त्या फाऊलपाशीच होते. पुढचा खो मिळाला तो मला नीट ऐकूसुद्धा आला नाही, उठले तोवर उशीर झाला होता. आमचे तेव्हाचे सर सीमारेषेवरून सगळ्यांसमोर ओरडले, आणि पुढच्या सामन्यात मला बाहेर बसवलं. त्यानंतर वर्षभर मला एक वाईट सवय लागली. पाटीवर बसले की माझी नजर आधी सरांच्या चेहऱ्याकडे जायची, मग पळणाऱ्या मुलीकडे. खो-खोत तेवढा वेळ कुणाकडे असतो? तू स्वतःला तपासून बघ. पकड सुटल्यावर तुझी नजर पहिल्यांदा कुठे जाते?

ती सवय मोडली आमच्या मंडळातल्या एका ताईने. तिने दोन गोष्टी ठरवून दिल्या. फाऊल झाला की बाकी काही न बघता पळणारीच्या पायांकडे बघायचं, चेहऱ्याकडे नाही, कारण चेहरा हूल देतो. आणि जिच्याकडून चूक झाली तिला शेजारच्या पाटीवरच्या मुलीने मोठ्याने म्हणायचं, ‘चालशे!’ म्हणजे ‘चालेल!’ आमच्या मराठी मुलीसुद्धा मैदानावर हा गुजराती शब्दच वापरतात. सांत्वनाचं लांबलचक बोलणं नको, एवढा एक शब्द पुरे. चूक झाली तरी पुढचं काम आपल्या हातून नीट होतं, हे मी असं दहा वेळा, वीस वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझा विश्वास बसला तो तिथे. कुणी पाठ थोपटून तो आला नव्हता.

म्हणून सरावातच चुकांनंतरचा सराव कर. दमलेली असताना, शेवटी, दोन मिनिटं लावा. तुमचा संघ एका गुणाने मागे, राखीव मुली रेषेवर उभ्या राहून गलका करताहेत, आणि हरेल त्या बाजूने मैदानावर पाणी मारायचं. मोकळ्या अंगाने, शांततेत बसलेली पकड सामन्यात तुला ओळख देत नाही, त्याचं कारण हेच आहे. छातीत धडधडतं, हात गार पडतात, त्याला भिऊ नकोस. शरीर कामाला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. श्वास घेतलास त्यापेक्षा सावकाश सोड, तीन-चार वेळा. ठोके जरा खाली येतात.

आमच्याकडे क्रिकेटपटू विजय हजाऱ्यांचं नाव अजून आदराने निघतं. जन्म सांगलीचा, पण नाव जोडलं गेलं ते बडोद्याशी. माणूस अबोल. जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेडला त्यांनी पहिल्या डावात 116 काढल्या. तरी फॉलोऑन मिळाला, आणि दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा असताना दोन गडी गेले. समोर ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल. हजाऱ्यांनी त्या डावात 145 केल्या. सामना आपण डावाने हरलो, हेही मी मुलींना मुद्दाम सांगते. कारण मन घट्ट केलं की जिंकूच, असं त्यांना वाटायला लागतं आणि मग एका पराभवात सगळंच खोटं वाटतं.

आता तुझ्या खेळाचं. कबड्डी मी फक्त बघितलीय, तरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चढाईवाली तुला मारून गेली की तू बाहेर बसतेस, आणि तुमच्या संघाने समोरचीला बाद केलं की पाळीने आत येतेस. त्या बसण्याच्या वेळात तू काय करतेस? तुझ्या लिहिण्यावरून वाटतं, तीच पकड पुन्हा पुन्हा आठवतेस. त्याऐवजी त्या चढाईवालीचे पाय बघ. बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण, घ्यायला कुठला पाय आधी टाकते, परत फिरताना कुठल्या बाजूला वळते. आत जाताना कव्हरला, म्हणजे तुझ्या आतल्या बाजूच्या बचावपटूला, तेवढंच सांग: ‘ती उजवीकडे वळते, मी घोट्याला जाते, तू मागून ये.’ आणि तिच्याशी आजच बोलून ठेव, पकड सुटली तर तिने तुला कुठला एक शब्द म्हणायचा ते.