कोयना खोऱ्याच्या नकाशात हेक्टरी ८०० टन धूप: गडबड कुठे असेल?

तुम्ही विचारलंय, आरयूएसएलई (पाऊस, माती, उतार, आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचे आर, के, एलएस, सी, पी हे पाच घटक गुणून पाण्याने होणारी धूप काढायचं सूत्र) लावून कोयनेच्या पाणलोटाचा नकाशा केला, काही ठिकाणी वर्षाला हेक्टरी ८०० टन धूप आली, तर हे गाईडना दाखवू का? एवढ्यात नको. हेक्टरभर रानातला १ मिलिमीटर थर म्हणजे अंदाजे १३ टन माती. ८०० टन म्हणजे वर्षाला ६ सेंटिमीटर! तसं असतं तर ते डोंगर कधीच उघडे कातळ झाले असते.

माझा पहिला संशय एलएसवर, म्हणजे उताराची लांबी आणि तीव्रता. ते लालभडक पिक्सेल (नकाशातले चौकोन) ओढ्या-नाल्यांच्या रेघेवरच बसलेत ना, बघा. फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन (वरच्या किती पिक्सेलचं पाणी इथे येतं तो आकडा) थेट सूत्रात घातलं की नदीच्या पिक्सेलवर वरच्या सगळ्या खोऱ्याचा भार पडतो. हे सूत्र सालकाढी (वरचा पातळ थर सोलणाऱ्या) आणि ओघळपाडी (लहान ओघळ पाडणाऱ्या) धुपेचं आहे, नाल्याचं नाही. नाले मास्क करा म्हणजे हिशोबातून वगळा, लांबीला मर्यादा घाला. आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरला साइनसाठी रेडियन लागतात; उतार अंशांत असेल तर ०.०१७४५ ने गुणलाय ना?

मग एककं. अमेरिकन आलेखावरून काढलेला के, म्हणजे मातीची धुपून जाण्याची प्रवृत्ती, मेट्रिकमध्ये आणायला ०.१३१७ ने गुणावा लागतो. ते राहिलं तर आकडा साडेसात पट फुगतो. आर, म्हणजे पावसाची माती उखडण्याची ताकद, ज्या एककात आहे, के त्याच्याशी जुळायला हवा.

सी, म्हणजे पिकाचं-झाडांचं आच्छादन, मात्र उलट्या बाजूने फसवतो, धूप कमी दाखवतो. पावसाळ्यात ढग, म्हणून सगळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची हिरवीगार उपग्रह प्रतिमा घेतात. माती जाते ती जूनच्या पहिल्या जोरदार सरींत, नांगरलेलं रान उघडं असताना. शेतासाठी मेअखेरची प्रतिमा घ्या. जंगलासाठी नको: पानगळीचं रान तेव्हा उपग्रहाला उघडं दिसतं, पण खाली पाचोळ्याचा थर असतो. तिथे तक्त्यातली सीची तयार किंमत बरी. शेतातल्या ताली आणि बांध ३० मीटरच्या डीईएममध्ये (उंचीच्या डिजिटल नकाशात) दिसत नाहीत, तेव्हा पी, म्हणजे बांधबंदिस्तीचा घटक, सरसकट १ ठेवला असेल तर तसं लिहून टाका.

एवढं करूनही हा आकडा धरणातल्या गाळाशी थेट ताडून बघू नका. १९८३ च्या प्रसिद्ध अंदाजात देशाची सरासरी धूप वर्षाला हेक्टरी १६.३५ टन होती. त्यातली १० टक्केच माती धरणांत आणि २९ टक्के समुद्रात जाते, बाकी वाटेतच कुठेतरी बसते. उलट जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावला डोंगर खचला, ती माती या सूत्रात येतच नाही.

म्हणून प्रबंधात टनांपेक्षा उपपाणलोटांच्या प्राधान्यक्रमावर भर द्या. वरच्या क्रमांकातले दोन-तीन उतार जूनमध्ये पायी बघून या आणि फोटो जोडा. जागेवर जाऊन बघितलंत का, हाच परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा असतो.