शेत समुद्रात गेलं आणि लॅपटॉप कपाटात

पत्र थोडक्यात असं: मुलगी बारावी सायन्सला, सहामाहीत गणितात 58, बाबांना तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचंय, ती मात्र "शेतीचे डिजिटल नकाशे" हेच धरून बसलीये, मग मधला मार्ग म्हणून बाबांनी सहा महिन्यांच्या ड्रोन मॅपिंग कोर्सची चौकशी करून ठेवलीये, नोकरीच्या हमीसकट. प्रश्न असा की मॅडम, कोर्स आत्ताच उरकावा की इंजिनिअरिंगच्या जोडीने? आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "हे पत्र मुलीला माहीत नाही."

नमस्कार,

58 चं मला काही वाटलं नाही. मी अडकले ते तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही लिहिलंय की ती मोबाइल घेऊन काकांच्या शेतात बांधाबांधाने फिरली, कोपऱ्यांचे पॉइंट घेतले, घरी येऊन ते क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, तर शेत आफ्रिकेच्या बाजूला भर समुद्रात दिसायला लागलं, आणि "या फालतूपणात तीन दिवस घालवले" म्हणून तुम्ही लॅपटॉप कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवलीत. वर पुरावा म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. तो फोटो मी मोठा करून वाचला. तुम्ही वाचलात का? आकड्यांच्या रांगेखाली दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ आहे, "आकडे अंशात आहेत, सॉफ्टवेअर मीटर समजतंय का?"

अहो, बरोबर आहे तिचं! मोबाइलने दिलेले आकडे अक्षांश-रेखांशाचे, म्हणजे अंशातले, आणि मागे उपग्रहाचा फोटो लावला की त्याचं गणित बहुतेक वेळा मीटरमध्ये चालतं, शून्य कुठे तर विषुववृत्त आणि शून्य रेखांश जिथे एकमेकांना छेदतात तिथे, गिनीच्या आखातात. आता अंशाचा आकडा 180 च्या वर जातच नाही, त्यामुळे तो मीटर म्हणून वाचला तर शेत जगात कुठलंही असो, त्या शून्यापासून जेमतेम दोनशे मीटरच्या आत जाऊन पडणार, आणि नुसतं पडणार नाही तर पन्नास मीटर रुंदीचं शेत तिथे अर्ध्या मिलिमीटरचं होणार. म्हणजे पोरीने आधी तो ठिपका शोधला, मग तो तिथे का गेला याच्या मागे लागली, आणि कोणी न सांगता बरोबर जागी बोट ठेवलं. या कामातली कितीतरी माणसं मी बघितलीयेत जी अशा वेळी फाइल डिलीट करून नव्याने सुरुवात करतात आणि परत समुद्रातच जातात. ज्याला तुम्ही वेळ घालवणं म्हणताय ना, तो या कामाचा पाया आहे, आणि तुम्ही नेमका तोच कुलूप लावून ठेवलाय.

मला शंका अशी येते की तिने फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेताना एक तुकडा मागे राहिला असेल. नकाशातले आकार साठवणारी शेपफाइल म्हणतात ती एक फाइल नसते, निदान तीन असतात, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, आणि चौथी पीआरजे, ज्यात हे आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत ते लिहिलेलं असतं. ती चौथी राहिली की सॉफ्टवेअर एकतर विचारतं नाहीतर आपल्या मनाने धरून चालतं. हे अगदी सगळ्यांचं होतं, माझंही झालंय.

आता तुमच्या एका वाक्याबद्दल बोलायलाच हवं, "आजकाल सॉफ्टवेअर आपोआप रोगाचा नकाशा देतं, लाल तिथे रोग, हिरवं तिथे चांगलं, यात शिकायचं काय?" हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, शिकलेले लोकही असंच बोलतात. तो रंगीत नकाशा बहुतेक वेळा एनडीव्हीआयचा असतो, आणि एनडीव्हीआय म्हणजे निव्वळ एक भागाकार: पानावरून परत फिरलेला जवळचा अवरक्त प्रकाश वजा लाल प्रकाश, भागिले दोघांची बेरीज. हिरवं पान लाल शोषतं आणि अवरक्त परत फेकतं, म्हणून आकडा वर जातो. एवढंच. त्या भागाकाराला पीक आणि तण यातला फरक कळत नाही, तण माजलेलं शेतही छान हिरवंगार दिसतं. लाल पट्टा दिसला तर तिथे रोग असेल, पाणी साचलं असेल, उगवणच विरळ झाली असेल किंवा कापणी झाली असेल, नकाशा यातलं काहीच सांगत नाही, तिथे चालत जाऊन बघावं लागतं. त्यातून सेंटिनेल-2 या उपग्रहाचा फुकट मिळणारा फोटो घेतला तर या रंगांचा एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे अख्ख्या हेक्टरचे शंभर चौकोन, आणि बांधावरच्या पिक्सेलमध्ये अर्धं तुमचं पीक, अर्धी शेजाऱ्याची झाडं. हा रंग कशाचा, हे विचारणारं माणूस लागतं, आणि असं विचारणारी तुमच्या घरातच आहे.

कोर्सचं म्हणाल तर आत्ता नको. ड्रोन उडवणं हा यातला सगळ्यात लवकर जमणारा भाग आहे, मेनू आणि बटणं दर दोन वर्षांनी बदलतात, बदलत नाही ते तिच्या वहीत आहे तसलं. लेयर, म्हणजे नकाशाचे एकावर एक ठेवलेले थर, काय असतात, बिंदू-रेघ-पॉलिगॉन (बंद आकृती) वेगळे का ठेवायचे, प्रत्येक पॉलिगॉनमागच्या टेबलात काय भरायचं, अचूकता किती आणि ती कशावरून ठरते. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतो, आता पन्नास मीटर रुंदीच्या शेताला दोन्ही कडांना तो घोळ लावून बघा काय उरतं, म्हणून सेंटीमीटरचं काम असेल तिथे आरटीके, म्हणजे जीपीएसची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणारी पद्धत, वापरतात. हे सगळं शिकायला लागणारं क्यूजीआयएस फुकट आहे. आणि नोकरीची हमी देणाऱ्यांना एकच विचारा, मागच्या बॅचमधली दोन मुलं आत्ता काय करतायत, त्यांच्याशी बोलायला मिळेल का? उत्तर कसं येतं त्यावरून कळेलच.

प्रवेशाचं म्हणाल तर कृषी, सिव्हिल, भूगोल, कॉम्प्युटर, यातल्या कुठल्याही दारातून इकडे येता येतं, परीक्षांच्या तारखा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग वाईट नाही हो, पण "आम्ही ठरवलंय" हे तुमच्या पत्रात पाच वेळा आलंय आणि तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, जे एकुलतं एक आहे ते पुरावा म्हणून जोडलेल्या फोटोत. गणितात कमी मार्क पडलेली मुलगी घरी बसून प्रोजेक्शनशी, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीशी, झटापट करतेय, तर मला आधी तिला विचारायचंय की वर्गात गणित तिला नक्की कुठे सुटतं. ते तुम्हाला विचारून काय उपयोग? तेव्हा पुढचं पत्र तिच्याकडून येऊ दे, तुम्ही न वाचता.

आणि लॅपटॉप आजच काढून द्या. माझा एक निरोपही द्या, की लेयरचा सीआरएस (आकडे कुठल्या पद्धतीतले ते सांगणारी नोंद) सेट करणं आणि लेयर रिप्रोजेक्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यात फक्त सांगायचं असतं की हे आकडे अंश आहेत, दुसऱ्यात आकडेच बदलतात, तिला आत्ता पहिलं हवंय. शेत जागेवर आलं की ती क्षेत्रफळ काढायला जाईल, तेव्हा वेब मर्केटरमध्ये, म्हणजे त्या उपग्रहाच्या फोटोमागच्या मीटरच्या पद्धतीत, सपाट मोजू नकोस म्हणावं, 20 अंश अक्षांशावर तिथे क्षेत्रफळ सुमारे 13 टक्के फुगतं आणि 45 अंशांवर दुप्पट. का, ते सांगू नका, तिचं ती शोधेल.