सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का?

प्रश्न: मी ४७ वर्षांची आहे. कोरेगाव तालुक्यात राहते, शिलाईकाम करते. पाळी अजून चालू आहे. डाव्या स्तनात २.५ सेंटिमीटरची गाठ होती, बायोप्सीत कॅन्सर निघाला. काखेत काही लागत नाही. रिपोर्टवर ईआर, पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू ‘२+’ लिहिलंय. येत्या सोमवारी पूर्ण स्तन काढायचं ठरलंय. सासूबाई म्हणतात, सुई लावली, आता पसरणार, लवकर काढून मोकळी हो. दीर म्हणतात, आधी टाटाला दाखवू. हे सगळं बोलणं मला बाहेर बसवून होतं. थांबले तर उशीर होईल का? स्तन काढावाच लागेल का?

उत्तर: ताई, बायोप्सीच्या सुईने कॅन्सर अंगभर पसरत नाही, हे सासूबाईंना निःशंकपणे सांगा. महिनोन् महिने थांबणं वाईटच. पण नीट तपासण्या करून ठरवायला दोन-तीन आठवडे गेले, तर त्याने सहसा नुकसान होत नाही.

आणि तुम्हाला ते आठवडे हवेतच, कारण तुमचा रिपोर्ट अजून पूर्ण झालेला नाही. हर-टू हे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन. ते ३+ असेल तर पॉझिटिव्ह, शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह. २+ आलं की नक्की सांगता येत नाही, म्हणून बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर ‘फिश’ नावाची तपासणी करावी लागते. ती पॉझिटिव्ह आली, तर एवढ्या गाठीला बहुतेक वेळा आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टूवर काम करणारं औषध) देतात, ऑपरेशन मागाहून. औषधाने गाठ किती विरघळली, हे पाहून पुढचं औषध ठरतं. गाठ आधीच काढली तर हे कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून फिशचा निकाल हाती येण्याआधी तारीख पक्की करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. निगेटिव्ह आली तर आधी ऑपरेशन करणं बरोबर ठरू शकतं. ईआर, पीआर पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढणारा, म्हणून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या मात्र दोन्हीकडे लागतील, किमान पाच वर्षं.

आता स्तनाचं. इटलीत मिलानला डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवर हाच प्रश्न तपासला. निम्म्यांचा पूर्ण स्तन काढला, बाकीच्यांची गाठ काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी, २००२ साली निकाल छापून आला, तेव्हा दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या. स्तन राखला तर त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त असते, तेवढं मान्य करावं लागतं. तुमच्या मॅमोग्राफीत एकच गाठ दिसत असेल, तर स्तन वाचवण्याबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण मग रेडिएशन टाळता येत नाही. साधारण तीन आठवडे, रविवार-सुट्ट्या सोडून रोज जावं लागतं. गावाहून ये-जा, शिलाईची कामं, सोबत कोण, हे सगळं आत्ताच मोजा. ते झेपणारं नसेल म्हणून पूर्ण स्तन काढायचं ठरवलंत, तर तोही शहाणपणाचाच निर्णय. फक्त एक लक्षात असू द्या: काखेतल्या गाठींत (म्हणजे प्रत्येकाच्या काखेत असणाऱ्या लसिका ग्रंथींत) आजार सापडला, तर स्तन काढूनही रेडिएशन लागू शकतं. काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की आधी एक-दोन तपासून बघणार, हेही विचारा. सगळ्या काढल्यावर पुढे हात सुजण्याचा धोका वाढतो, आणि तुमचं पोट हातावर आहे.

दिरांचं म्हणणं योग्य आहे. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या कॅन्सर रुग्णालयात जाताना नुसता कागद नेऊ नका, पॅथॉलॉजीतून बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स (तपासलेल्या काचा) मागून घ्या. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तुम्ही स्वतः बसा. सही तुमची लागणार आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या माणसाला) विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवून.