केनियातल्या खेड्यात निघालेल्या मुलीच्या आईला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी एमएसडब्ल्यू झाली, आता वर्षभरासाठी पश्चिम केनियातल्या एका खेड्यात तरुणांच्या गटांबरोबर कामाला निघाली आहे. तिथली पोरं स्वतःहून काही करतात की सगळं बाहेरच्या पैशावर चालतं, असं तुम्ही विचारलंय. आणि मदत म्हणून सोसायटीत जमलेल्या सव्वा लाखांचं काय करावं, हेही. वरच्या उत्तरांत मंडळींनी सोलर दिवे, वह्या, शिलाई मशीन असं बरंच सुचवलंय. माझं मत जरा वेगळं आहे आणि उत्तर लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी इस्लामपूरकडचा, साखर कारखान्यातला केमिस्ट. २०११ ते २०२० किसुमू शहराच्या पूर्वेला, नांदीच्या डोंगरांच्या पायथ्याशी उसाचा पट्टा आहे, तिथे होतो. गाव आणि कारखाना सांगत नाही, कारण उसाच्या बिलांसाठी महिनोन्महिने थांबलेले शेतकरी मी फाटकाबाहेर बघितलेत आणि फाटकाच्या आत मी होतो. ते असो.

पहिल्यांदा मुलीच्या डोक्यातलं ‘युवक’ हे चित्र बदला. केनियाच्या राज्यघटनेत युवक म्हणजे १८ पासून ३५ च्या आतला माणूस. युवक गटाच्या बैठकीला गेलो तर तीन पोरांचा बाप, कडेवर बाळ घेतलेली बाई आणि नुकता शाळा सुटलेला मुलगा एकाच बाकावर असायचे. २०१९ च्या जनगणनेत चारांतले तीन लोक पस्तिशीच्या आतले निघाले. म्हणजे तिथे ‘तरुणांचं काम’ हा वेगळा कप्पा नसतो, गावातलं बहुतेक काम त्यांच्याच अंगावर असतं. बोलायची पाळी मात्र ‘वाझें’ची, म्हणजे म्हाताऱ्यांची, आधी.

आता ते स्वतः काय करतात. भिशी करतात! तिकडे तिला ‘चामा’ म्हणतात. माझ्या ओळखीचा गट दर रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर आंब्याखाली बसायचा. बावीस जण, प्रत्येकी शंभर शिलिंग, उशिरा आलात की वीस शिलिंग दंड. एक पत्र्याची पेटी आणि तिला तीन कुलुपं. किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरी, पेटी चौथ्या घरी. तिन्ही किल्लीवाले आल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि उघडली की सगळ्यांसमोर पैसे जमिनीवर अंथरलेल्या कापडावर मोजायचे. त्यातूनच कर्ज द्यायचं, व्याज गटालाच, डिसेंबरात वाटप. आपला बचत गट आणि भिशी एकत्र केली तर जे होईल ते.

मला तिथे परकं न वाटायला आणखी एक कारण झालं, भाषा. गावात आपसात ढोलुओ, म्हणजे तिथल्या लुओ लोकांची बोली चालायची, ती मला शेवटपर्यंत धड आली नाही. पण पैशाचं आणि सरकारचं बोलणं स्वाहिलीत. गटातल्या वाट्याला ते ‘हिसा’ म्हणतात. जमाखर्चाला ‘हेसाबू’. वहीला ‘दफ्तारी’. सरकारला ‘सेरिकाली’, नागरिकाला ‘राइया’, म्हणजे आपली रयत. २०१३ पर्यंत नगरसेवकासारखा जो असायचा तो ‘दिवानी’. अरबी-फारसी मराठी आणि स्वाहिली दोघींच्याही दारावरून गेली आहे. पहिल्या बैठकीत खजिनदार ‘हेसाबू’ म्हणाला तेव्हा मी मान वर केली, म्हटलं हा माणूस मराठीत काय बोलतोय! (‘हरांबे’, म्हणजे सगळे मिळून ओढू या, हा शब्द रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या मजुरांच्या ‘हर हर अंबे’वरून आला, ही गोष्ट तुमच्या मुलीला तिथला प्रत्येक भारतीय सांगेल. मान डोलवावी, विश्वास ठेवू नये. मिळून वर्गणी काढायची रीत मात्र खरी. स्वातंत्र्यानंतर तिथल्या कितीतरी शाळा गावकऱ्यांनी अशाच बांधल्या.)

या गटाचा धंदा होता तंबू आणि खुर्च्या. दोन तंबू, दीडशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर रंगाने गटाचं नाव. त्या भागात माणूस गेला की दफन बहुधा शनिवारी, पाहुणे शेकड्यांनी, आणि मांडव लागतोच. म्हणजे गिऱ्हाईक कधी आटत नाही. कुठल्याही प्रकल्प अहवालात ‘अंत्यविधीसाठी खुर्च्या भाड्याने देणे’ हे युवा विकासाचं काम म्हणून मी कधी वाचलं नाही, पण ते टिकलं. सचिव बाईंनी मला सांगितलं होतं, खुर्ची तुटली तर कोणी तोडली ते दिसतं.

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, म्हणून मी एक चूक केली. २०१४ मध्ये सुट्टीवर आलो होतो, तेव्हा मित्रांकडून पैसे गोळा केले आणि गटाला पोशो मिल घेऊन दिली. पोशो मिल म्हणजे मका दळायची डिझेलची गिरणी. उद्घाटनाला प्रार्थना झाली, मला कोंबडी मिळाली, फोटो निघाले. दहा महिन्यांत गिरणी बंद. पट्टा तुटला तेव्हा नवा कोणी आणायचा यावर वाद. किल्ली कोणाकडे यावर त्याहून मोठा वाद. अध्यक्षाच्या मेहुण्याने उधारीवर दळून नेलेलं पीठ वेगळंच. आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘मुहिंदीला फोन करा, तो दुरुस्त करून देईल.’ (मुहिंदी म्हणजे भारतीय माणूस. मक्यालाही हाच शब्द आहे. त्यावरून माझी भरपूर थट्टा झाली.) खुर्च्या त्यांच्या होत्या, गिरणी माझी होती. पेटी तीन कुलुपांत ठेवणाऱ्या माणसांनी गिरणीला एक वहीसुद्धा लावली नव्हती. आळशी नव्हते ते. हिशेब द्यायचा कोणाला, हेच त्या गिरणीच्या बाबतीत ठरलेलं नव्हतं. मला फोटो पाठवले की झालं, अशी समजूत. ती मीच करून दिली होती.

आता मुख्य गोष्ट, आणि तुमच्या मुलीचं खरं काम बहुधा इथे असेल. २०१० साली तिथे नवी घटना आली आणि २०१३ च्या निवडणुकीनंतर देशाचे ४७ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग झाले. प्रत्येकाला आपला गव्हर्नर, आपली विधानसभा, आपलं अंदाजपत्रक. देशाच्या महसुलातला किमान १५ टक्के वाटा काउंट्यांना द्यायचा असं घटनेतच लिहिलंय, आणि खर्च ठरवताना लोकांना विचारायचं असंही. वर्ष १ जुलैला सुरू होतं. अंदाजपत्रक ३० एप्रिलपर्यंत काउंटीच्या सभेपुढे जायला हवं आणि ३० जूनपर्यंत मंजूर व्हायला हवं. त्यामुळे लोकांना विचारायच्या बैठका नेमक्या मार्च ते मेच्या लांब पावसात. काळी माती, गमबूट रुतून बसतो, आणि हजेरी कमी म्हणून लोकांना रस नाही असा शेरा!

मी अशा एका बैठकीला मागच्या बाकावर बसलो होतो. प्राथमिक शाळेचा वर्ग, पत्र्यावर पाऊस. नऊची वेळ, वॉर्डाचे सदस्य साहेब आले सव्वाबाराला. दारातच हजेरीचा कागद फिरत होता, नाव, ओळखपत्राचा क्रमांक, सही. सही केली की पाव, सोडा आणि येण्याजाण्याचे म्हणून दोनशे शिलिंग. आपल्या ग्रामसभेत कोरम कसा भरतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सहीचा कागद हाच ‘लोकांना विचारलं’ याचा पुरावा. त्यावर लोक काय बोलले ते कुठेच नाही.

गटातल्या पोरांना ते आदल्या वर्षी कळलं होतं. त्यामुळे त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी सही केली नाही. ‘शेवटी करू,’ म्हणाले. मग एम-पेसाच्या, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेच्या, हिरव्या खोक्यात बसून दिवसभर लोकांचे पैसे मोजणारी एक मुलगी उठली, असेल चोवीस-पंचवीसची. हातात झेरॉक्सचा कागद, काउंटीच्या कामांची यादी. तिने आपल्या वॉर्डाची ओळ वाचली. अमुक ओढ्यावरची मोरी, एवढे लाख शिलिंग, शेरा ‘पूर्ण’. मग फोन काढून फोटो दाखवला. गवतात सिमेंटच्या दोन नळ्या पडलेल्या आणि एका नळीवर बकरी उभी. ती एवढंच म्हणाली, ‘यात बकरी पूर्ण आहे, मोरी कुठाय?’

आधी हशा पिकला, मग एकदम शांत. साहेबांनी मोरीचं उत्तर दिलं नाही. विचारलं, ‘तुला कोणी पाठवलं?’ आणि माझ्याकडे बघितलं. ताई, हे नीट लक्षात ठेवा. मी एक शब्द बोललो नव्हतो, कागद मी दिला नव्हता, पण परदेशी माणूस खोलीत बसलाय एवढ्यावरून त्या मुलीचा प्रश्न तिचा राहिला नाही. त्यानंतर मी अशा बैठकांना गेलो नाही.

पुढे काय झालं ते फार गाजावाजा करण्यासारखं नाही. तिथे २०१६ चा माहितीचा कायदा आहे, आपल्या आरटीआयचा चुलत भाऊ. आपल्याकडे ३० दिवस, तिथे २१. त्यांनी काउंटीच्या कचेरीत अर्ज दिला, पोच मागितली, ती मिळायलाच दोन खेपा. एकवीस दिवसांत उत्तर नाही. मग लोकपालासारखा जो आयोग आहे, त्याच्याकडे तक्रार. सुमारे वर्षाने मोरी झाली. यादीत होती त्याहून अरुंद, पण शाळेची पोरं पावसात ओढा ओलांडायला लागली. आणि त्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत त्या मुलीच्या धाकट्या भावाचं नाव नव्हतं. सिद्ध काहीच करता येत नाही. गटाने पेटीतून त्याची एका सत्राची फी भरली, तीही कर्ज म्हणून, व्याजासकट. मी द्यायला तयार होतो. ‘नको’ म्हणाले.

सगळे गट असे असतात असं मात्र समजू नका. बरेच गट निवडणुकीच्या वर्षात उगवतात, जर्सी आणि फुटबॉल घेतात आणि मावळतात. काही फक्त सरकारी कर्जापुरते. २०१३ पासून उवेझो फंडातून गटांना बिनव्याजी पैसे मिळतात, ते ‘आपल्या साहेबांनी दिले’ म्हणून फेडायचेच नाहीत असं समजणारे मी पाहिलेत. सरकारी खरेदीतला ३० टक्के वाटा युवक, महिला आणि अपंगांच्या फर्मसाठी राखीव आहे, त्यात नाव पोराचं आणि ठेका काकाचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. आणि चांगल्या गटाचं मरण बहुतेक वेळा भांडणातून येत नाही. ज्याला कागद वाचता येतो, बोलता येतं, त्याला एखादी संस्था पगारावर उचलते नाहीतर तो नैरोबीला जातो. तीन वर्षांत माझ्या गटाचे दोन सचिव असे गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी शहाणपणा केला, वही दर तीन महिन्यांनी वेगळ्या माणसाने लिहायची असं ठरवलं. अक्षर वाईट, बेरजा चुकलेल्या, पण वाचता येणारे चार जण तयार झाले.

जून २०२४ मध्ये तिथल्या वित्त विधेयकाविरुद्ध पोरं रस्त्यावर आली ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. २५ जूनला संसदेत घुसली, गोळीबार झाला, जीव गेले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सही करायला नकार दिला. इथे त्याला ‘सोशल मीडियाचं आंदोलन’ म्हणून मोकळे झाले. त्याआधीचे आठवडे तिथली पोरं विधेयकाचं एकेक कलम आपापल्या बोलीत समजावून सांगत होती. एम-पेसावाल्या मुलीने मलाही असाच एक आवाजी निरोप पाठवला, ढोलुओत, मागे कोंबड्या ओरडताहेत. मला निम्माच कळला. तिने तो माझ्यासाठी केलाच नव्हता, गटासाठीचा पुढे ढकलला होता. यावरून एक सांगतो, तुमच्या मुलीने मोर्चाच्या आसपासही फिरकू नये. परदेशी माणूस सापडला की मोर्चाचं काय होतं ते मोरीच्या गोष्टीत आलंच आहे, आणि तिथे राहायचा परवाना जातो तो वेगळा.

मग सव्वा लाखांचं काय? मुलीबरोबर पाठवू नका. पहिले सहा महिने तर नाहीच. पैसे आहेत हे एकदा कळलं की तिच्याशी कोणी खरं बोलणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही, आपणही तेच करू. सहा महिन्यांनी तिला विचारा, तिथल्या कुठल्या गटाची वही तिला बघायला मिळाली. ‘बघायला मिळाली’ म्हणतोय, ‘मागून घेतली’ नव्हे. त्या गटाने काही मागितलं तर निम्मे त्यांचे असतील तरच निम्मे आपले द्यावेत, आणि मागणी झेरॉक्स, टपाल, काउंटीच्या गावापर्यंतचं बोडाबोडाचं (भाड्याच्या मोटारसायकलचं) भाडं असली बारीक असेल तर आनंदाने द्यावेत. त्या मोरीचा सगळा पाठपुरावा अशाच किरकोळ पैशांवर चालला होता. काहीच मागितलं नाही, तर सोसायटीला पैसे परत करा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या.

गट नोंदलेला आहे का ते तिने आधी बघावं. २०२२ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. किमान दहा सदस्य, लिखित नियम (त्याला ‘कातिबा’ म्हणतात, राज्यघटनेलाही हाच शब्द) आणि सामाजिक विकास कार्यालयाचा दाखला. दाखला नसेल तर वाईट गट असं नाही, पण का नाही ते विचारावं.

खाण्याची काळजी करू नका. शाकाहारी असेल तर उगाली आणि सुकुमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी, महिनाभरात सवय होते. चपाती चपातीच आहे. डाळ, हिंग किसुमूच्या दुकानांत मिळतं. गमबूट इथून नेऊ नका, तिथल्या बाजारात चांगले आणि स्वस्त मिळतात. आणि मार्चच्या आत घ्यायला सांगा, नंतर तिच्या मापाचे संपतात.