सिम्युलेशनमधून जेटची खरी ऊर्जा कळत असेल, तर प्रत्यक्ष डेटावर पुन्हा अंशशोधन कशासाठी?

अ‍ॅटलास आणि सीएमएस या लार्ज हॅड्रॉन कोलायडर त्वरकावरील प्रयोगांत जेटच्या, म्हणजे क्वार्क किंवा ग्लुऑन या मूलकणापासून साधारण एकाच दिशेने उडणाऱ्या कणांच्या झोताच्या, ऊर्जेची दुरुस्ती (अंशशोधन) आधी सिम्युलेशनवरून, म्हणजे टकरी व शोधक यांच्या संगणकी प्रतिकृतीवरून, ठरवली जाते. मग झेड बोसॉन (एक जड, लगेच विघटन पावणारा कण) किंवा फोटॉन (प्रकाशकण) यांच्याशी ती पुन्हा पडताळून का पाहतात, असे आपण विचारले आहे. थोडक्यात सांगायचे तर, दुरुस्तीचा मोठा वाटा सिम्युलेशनच उचलते, पण तिच्यावर किती विसंबावे हे डेटाच सांगू शकतो.

जेटची मोजलेली ऊर्जा मुळातच कमी भरते. जेटमधील फोटॉन आपली जवळजवळ सगळी ऊर्जा मोजता येईल अशा रूपात कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे शोधकाच्या ऊर्जा मोजणाऱ्या भागात, सोडतात. हॅड्रॉनांच्या, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या प्रोटॉन-पायॉनसारख्या कणांच्या, ऊर्जेचा बराच भाग मात्र अणुकेंद्रके फोडण्यात खर्च होतो आणि तो नोंदला जात नाही. शिवाय हॅड्रॉन पदार्थावर आदळल्यावर निर्माण होणाऱ्या कणांच्या साखळीतून, म्हणजे हॅड्रॉनी वर्षावातून, तटस्थ पायॉन, म्हणजे पर्यायाने फोटॉन, किती निर्माण होतात याचे प्रमाण ऊर्जेबरोबर वाढत जाते. त्यामुळे प्रतिसाद, म्हणजे मोजलेल्या ऊर्जेचे खऱ्या ऊर्जेशी प्रमाण, सगळ्या ऊर्जांना सारखा राहत नाही आणि एकाच गुणकाने काम भागत नाही. जेटची सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा विद्युतभारित कणांकडे असते. सीएमएसमध्ये हे कण मार्गशोधकाने मोजले जात असल्याने ही तूट बरीच कमी होते, पण संपत नाही.

दुरुस्तीची सुरुवात त्याच क्षणी झालेल्या इतर प्रोटॉन-टकरींची भर वजा करण्यापासून होते. त्यानंतर सिम्युलेशनमधील मूळ कणांचा जेट आणि शोधकाने पाहिलेला जेट यांची जोडी लावून, आडवा संवेग (प्रोटॉन-झोतांना लंब दिशेतला) व दिशा यांनुसार गुणक काढला जातो. या गुणकात मात्र शोधकातील पदार्थाचे वर्णन, हॅड्रॉनी वर्षावाचे प्रारूप आणि क्वार्क-ग्लुऑनांपासून हॅड्रॉन कसे बनतात याविषयीची गृहीतके, असे सारे काही मिसळलेले असते.

म्हणूनच जेटच्या समोर, म्हणजे विरुद्ध दिशेला, स्वतंत्रपणे नीट मोजता येणारी वस्तू हवी असते; दोघांचे आडवे संवेग एकमेकांना तोलायला हवेत, म्हणून तिच्यावरून जेटचा खरा संवेग कळतो. दोन म्युऑनांत विघटन पावणारा झेड बोसॉन त्यासाठी उत्तम, कारण त्याचे सुमारे ९१.१९ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमान सर्नच्या पूर्वीच्या एलईपी त्वरकावर फार अचूक मोजले गेले आहे आणि त्यावरून म्युऑनांचे मापन तपासता येते. अधिक संवेगाला झेडच्या घटना विरळ होतात, तेव्हा फोटॉन वापरतात. त्याही पुढे, एका जोरकस जेटला अनेक लहान, आधीच अंशशोधित जेटांच्या बेरजेशी तोलावे लागते. पुढच्या-मागच्या भागांतील जेट दोन-जेट घटनांतून मध्यभागाशी जुळवले जातात. येथे एक खोच आहे. शोधक आदर्श असला तरी जास्तीच्या ग्लुऑन-उत्सर्जनामुळे हा समतोल बिघडतोच. म्हणून दुसऱ्या जेटवर मर्यादा घालतात, आणि डेटामधील समतोलाचे सिम्युलेशनमधील समतोलाशी गुणोत्तर घेतात, म्हणजे दोन्हींकडे सारखेच असलेले परिणाम बऱ्याच अंशी कटून जातात. अखेरची दुरुस्ती या गुणोत्तरावरून ठरते.

माझ्या मते सर्वांत चिवट अडचण जेटच्या प्रकाराची आहे. ग्लुऑनपासून झालेल्या जेटमध्ये कण अधिक आणि मंद असतात, म्हणून त्याचा प्रतिसाद क्वार्क-जेटपेक्षा कमी भरतो. झेड किंवा फोटॉनसमोर बहुतेक वेळा क्वार्क-जेट असतो, तर मध्यम संवेगाच्या दोन-जेट घटनांत ग्लुऑनांचे प्रमाण मोठे असते. एका नमुन्यावर काढलेले अंशशोधन दुसऱ्यावर लावताना हा फरक भरून काढण्यासाठी पुन्हा सिम्युलेशनचाच आधार घ्यावा लागतो, आणि पिथिया व हर्विग या संगणक-प्रणालींचे ग्लुऑन-जेटविषयी पूर्ण एकमत नाही.

मध्यभागातील, काहीशे गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जेटसाठी आज ही अनिश्चितता सुमारे १ टक्का आहे. हा आकडा लहान वाटला तरी जेटांची संख्या संवेगाबरोबर वेगाने घटते: ती सहाव्या घाताने उतरत असेल, तर ऊर्जेतील १ टक्क्याची चूक ठराविक संवेगाला मोजलेल्या संख्येत सुमारे ५ टक्क्यांची होते. टॉप क्वार्कच्या वस्तुमानमापनातही हीच अनिश्चितता पुढे येते. तेथे डब्ल्यू बोसॉनपासून झालेल्या दोन जेटांचे एकत्रित वस्तुमान ज्ञात वस्तुमानाशी जुळवून ऊर्जामान त्याच घटनांत पक्के करता येते. मात्र ही सोय हलक्या क्वार्कांच्या जेटपुरतीच आहे, बॉटम क्वार्कच्या जेटसाठी वेगळी दुरुस्ती उरतेच.