"तुमचं मत झालंय" म्हणाले, तर?

एरवी या सदरात मला दहावीच्या गणिताची पत्रं येतात. १५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचं मतदान झालं आणि गणित मागे पडलं. ठाण्यातल्या शाळेत होते तोवर माझी इलेक्शन ड्यूटी कधी चुकली नाही, त्यात पाचदा केंद्राध्यक्ष. म्हणून ही चार पत्रं घेते.

प्रश्न : विधानसभेच्या वेळी, २० नोव्हेंबर २०२४ ला, दुपारी तीन वाजता केंद्रावर गेलो तर यादीत माझ्या नावावर आधीच खूण. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "तुमचं मत झालंय, आता काही करता येत नाही." मी परत आलो. करता येत नव्हतं का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : येत होतं. यादी घेऊन दाराशी बसतो तो पहिला मतदान अधिकारी. त्याचं काम नाव शोधायचं आणि खूण करायची. निर्णय त्याचा नाही. "मला केंद्राध्यक्षांशी बोलायचंय," एवढंच म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही.

निवडणूक नियमांत ४९-पी नावाचा नियम आहे. तुमच्या नावावर कोणी आधी मत देऊन गेलं असेल, तर केंद्राध्यक्ष तुम्हाला चार प्रश्न विचारतात, ओळखपत्र बघतात. खात्री पटली की कागदाची मतपत्रिका देतात. तिला प्रदत्त मत म्हणतात. तुमची सही वेगळ्या यादीवर घेतात. तुम्ही शिक्का मारून, घडी घालून मतपत्रिका त्यांच्या हातात द्यायची, ती वेगळ्या पाकिटात जाते.

हे मी एकदाच केलं, लोकमान्यनगरला. अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. इस्त्रीची सुती साडी, मतदार चिठ्ठी कापडी बटव्यात चौघडी करून ठेवलेली. त्यांच्याच इमारतीत त्यांच्याच नावाची दुसरी बाई, नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं, अनुक्रमांकात तीनचा फरक. ती आठलाच मत देऊन गेली होती आणि आमच्या माणसाने खूण आजींच्या ओळीवर केली होती. बोगस मतदान वगैरे काही नाही, सकाळच्या गर्दीतली साधी चूक. मी मतपत्रिका दिली. आजींनी शिक्का मारला, घडी घातली आणि विचारलं, "हे मशीनमध्ये कधी टाकणार?"

"मशीनमध्ये जात नाही, आजी."

"मोजणार कधी?"

"मोजणीतही येत नाही."

"मग देता कशाला?"

मागे रांग खोळंबली होती. मला धड उत्तर देता आलं नाही, ते आज तुम्हाला देते. प्रदत्त मतं मोजणीच्या दिवशी उघडत नाहीत, पण निकालाला कोर्टात आव्हान मिळालं तर ते पाकीट पुरावा असतं. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी विधानसभेला एका मताने हरले. पुढे कोर्टात वाद झाला तो प्रदत्त मतांचाच, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिवाय अशी मतं किती दिली गेली, तो आकडा केंद्राध्यक्षाला रात्री नमुना १७-सीमध्ये, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावा लागतो. तुम्ही न भांडता घरी आलात, म्हणजे तुमच्या केंद्राच्या कागदावर तुमच्याबाबतीत काही घडलेलंच नाही.

खोटा मतदार समोर उभा असतानाच पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रात बसणाऱ्या उमेदवाराच्या माणसाला, ओळखता आला, तर तो दोन रुपये भरून तिथल्या तिथे आक्षेप घेऊ शकतो. हो, दोनच रुपये. चहासुद्धा येत नाही हल्ली.

प्रश्न : त्याच निवडणुकीत संध्याकाळी पाचला मतदान ५८.२२ टक्के सांगितलं, शेवटी ६६.०५ झालं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, टक्केवारी मला शिकवू नका. मधली मतं आली कुठून, ती पद्धत सांगा. – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : बरं, पद्धतच सांगते. पाचचा आकडा केंद्राकेंद्रावरून घाईत कळवलेला असतो. दारात रांग असते, एका हाताने शाई लावणं चाललेलं असतं. त्यानंतर उरतो एक तास आणि सहाला आवारात असलेली रांग. केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, पण पुढून नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाला एक नंबर देऊन पुढे पुढे येत वाटतो, म्हणजे मागून कोणाला घुसता येत नाही. चिठ्ठी मिळालेला प्रत्येकजण मत देतोच, घड्याळ काहीही दाखवो. दिवा भागातल्या केंद्रावर मी एकदा पावणेआठपर्यंत मतदान घेतलंय.

खरा आकडा १७-सीवर असतो. यंत्रात एकूण किती मतं पडली ते केंद्र बंद करताना लिहितात आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला त्याची प्रत देतात. मोजणीला कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मतं साठवणारा भाग, उघडतं तेव्हा तोच आकडा ताडून बघायचा. अडचण अशी की बरेच एजंट संध्याकाळीच पसार होतात. प्रती हातात धरून मी वर्गाच्या दारात हाका मारल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पक्षाचे लोक चॅनेलवर हिशेब मागताना पाहिले आहेत.

याचा अर्थ तुमची शंका वेडगळ आहे असा नाही. केंद्रनिहाय १७-सी संकेतस्थळावर टाका, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना, न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. माझ्या मते ते कागद टाकायला हवेत. उत्तर बरोबर असूनही पायऱ्या न दाखवणाऱ्या मुलांचे मी मार्क कापत असे.

प्रश्न : महापालिकेला बोटावर मार्करने खूण केली, ती घरी येईपर्यंत फिकी झाली. असा माणूस पुन्हा मत देऊ शकतो? – एक वाचक, कळवा

उत्तर : त्याच केंद्रावर नाही, तिथे यादीवर खूण असते. धोका दुबार नावाचा. एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत असेल, तर दुसऱ्या केंद्रावर त्याला अडवायला बोटावरच्या खुणेशिवाय फारसं काही नसतं. याद्यांत अशा नावांपुढे दोन तारे छापले होते, पण ते बघायला टेबलावर फुरसत हवी. तेव्हा मार्करवर लोक चिडले ते उगाच नाही.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार जागा. मला एकच उमेदवार पसंत होता, त्याचं बटण दाबलं, पण बीप वाजेना. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. पसंत नसेल त्या जागेला 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कोणी नाही'चं, बटण दाबायचं. विधानसभेसारखी, मत कोणाला गेलं ते सात सेकंद दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी इथे नव्हती, बीप एवढीच पावती. ती ऐकू येईपर्यंत पुठ्ठ्याआडून बाहेर यायचं नाही, कर्मचारी कितीही "झालं का, झालं का" म्हणू देत.